सात मासे आणि तेरा फिल्टर

आमच्या वरच्या मजल्यावर रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ सहा वर्षं भाड्याने राहत होते. जन्मभर सिग्नलखात्यात काम केलेले. आमगावात रेल्वेच्या माणसाला बाबूजी म्हणतात, म्हणून तेही बाबूजी. बायको फार आधी वारलेली. एक मुलगी, ती हैदराबादला नोकरीला. पुढे गुडघ्यांना जिना झेपेना तेव्हा ते आपण होऊन तिच्याकडे गेले. आपण होऊन गेले हे मुद्दाम लिहिते, कारण त्याच्या तीन वर्षं आधी त्यांना घेऊन जायचा बेत ठरला होता, आणि तो सात माशांवर येऊन अडला होता.

माणूस वाईट नव्हता. फक्त दोन्ही मनगटांवर घड्याळ घालायचा. कुणी वेळ विचारली की दोन्ही घड्याळं बघायची, जुळली तरच वेळ सांगायची. नाही जुळली तर "थांबा" म्हणून घरात जायचं आणि भिंतीवरचं तिसरं बघून यायचं. तोवर विचारणारा आपल्या वाटेने निघून गेलेला असायचा. मग बाबूजी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत उभे राहायचे, वेळ हातात घेऊन.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "एक फेल झालं तर?" पायजम्याला नाडी असायची आणि नाडीवर पट्टा. दाराला दोन कुलपं. बाजाराला निघाले की हातात छत्री आणि पिशवीत दुसरी छत्री. मी एकदा विचारलं, दोन कायले? तर म्हणाले, रेल्वेत असंच असतं, एक वस्तू बिघडली तरी दुसरीने गाडी थांबली पाहिजे.

मी म्हटलं, "बाबूजी, तुमी गाडी नाही. वांगे आणाले जाऊन राहिले."

त्यांनी त्यावर नीट विचार केला आणि दोन्ही छत्र्या घेऊन गेले. दिवस उन्हाळ्याचे होते.

आमच्या मागच्या गॅलरीतून रूळ दिसतात. तिथे खुर्ची टाकून ते बसायचे. गाडी थांबली की का थांबली हे त्यांना बसल्या जागी कळायचं. मालगाडीने शिट्टी दिली की खाली मला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "पुढे लाइन क्लियर नाही." मी कधी विचारलं नाही. तरी सांगायचे. गाडी हलली की "हं" म्हणायचे, जणू काही त्यांनीच सोडली. या गॅलरीसाठी त्यांनी आमचा मजला घेतला होता. बाकी त्या मजल्यात घेण्यासारखं काही नव्हतं, मीच मालकीण आहे म्हणून सांगते.

आता दुधाचं सांगते. एके सकाळी त्यांनी गॅसवर दूध ठेवलं आणि खालच्या फाटकाची कडी लागली आहे का ते बघायला उतरले. बघितलं, वर गेले. अर्ध्या जिन्यात त्यांना वाटलं, आपण कडी बघितली की फाटक बघितलं? पुन्हा उतरले. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा समोरचा औषधांचा दुकानवाला भेटला, त्याने वेळ विचारली. एवढ्यात दूध गेलं, मग पातेलं गेलं, मग खिडकीतून धूर निघाला. मी वर जाऊन गॅस बंद केला. सगळं सुरक्षित आहे ना हे बघण्यातच हे सगळं झालं होतं. दुकानवाल्याने मात्र त्यांच्या पोरीला फोन करून घर पेटलं असंच सांगितलं.

पोरगी दुसऱ्या दिवशी हजर. पोरगी चांगली आहे, फक्त बोलते भरभर. म्हणाली, बाबा आता एकटे राहायचे नाहीत, माझ्याकडे यायचं. चौदाव्या मजल्यावर घर आहे, लिफ्ट आहे, खाली बाग आहे. दोन दिवस वाद चालला. आमच्या छतातून सगळं ऐकू येतं, मी काही कान लावला नव्हता. बाबूजी एकच विचारत होते, तिथून गाडी दिसते का? ती म्हणत होती, मेट्रो दिसते. ते म्हणत होते, मेट्रो कधी थांबते का? ती म्हणत होती, स्टेशनवर थांबते. ते म्हणाले, ते थांबणं वेगळं.

तिसऱ्या दिवशी ती गोंदियाला गेली आणि काचेची एक पेटी घेऊन आली. दोन हात लांब. त्यात सात नारिंगी मासे, बोटाच्या पेराएवढे, आणि एक छोटा स्पंजाचा फिल्टर. मला वाटलं बापाला विरंगुळा म्हणून आणली. ती पेटी टेबलावर ठेवली आणि पोरगी म्हणाली,

"बाबा, सात मासे दिवाळीपर्यंत जिवंत ठेवून दाखवा. मी मग नेण्याचा विषय काढणार नाही. एक जरी कमी झाला तर सामान बांधायचं."

ती अर्धी गंमतीत बोलली असेल. पण ज्याच्याशी बोलली तो सिग्नलवाला होता. त्याने वही काढली, तिचं बोलणं शब्दाला शब्द उतरवून घेतलं, खाली तिची सही घेतली आणि साक्षीदार म्हणून माझी. वहीची दुसरी प्रतही केली. दोन्हींवर सह्या झाल्या. आषाढ चालू होता. दिवाळीला तीन-साडेतीन महिने होते.

त्या दिवसापासून बाबूजी माणसात राहिले नाहीत.

मोबाइलवर माशांचे व्हिडिओ बघत बसायचे, आणि जे कळेल ते जिन्यात उभं राहून मला सांगायचे. मासे पाण्यातच लघवी करतात, पाण्यातच घाण करतात, त्याचं विष होतं. ते विष खाणारे बारीक जीव असतात, डोळ्यांना न दिसणारे. ते खातात म्हणून मासा जगतो. हे जीव राहतात कुठे, तर स्पंजात, दगडांच्या फटीत, चिनी मातीच्या बारीक बांगड्या मिळतात त्यांच्यात. म्हणजे फिल्टर हा पाणी गाळण्यासाठी कमी आणि या जीवांना घर म्हणून जास्त. इथवर मला समजलं. मला हे खोटंही वाटलं नाही. तळ्याच्या गाळात काय काय जगतं ते मी लहानपणापासून पाहिलं आहे.

पण मग त्यांनी तेच विचारलं, एक फेल झालं तर?

आठ दिवसांत दुसरा फिल्टर आला. मग पेटीच्या कडेला अडकवायचा एक. मग वाळूखाली बसणारा. मग त्यांनी स्वतः बनवायला घेतले. बादलीला भोक पाडून एक, गोडेतेलाच्या डब्याचा एक, पोरांची खेळणी ठेवायचं सहा खणांचं प्लास्टिकचं कपाट असतं त्याचा एक, त्यातला प्रत्येक खण बांगड्यांनी भरलेला. नळ्या इतक्या झाल्या की पेटी दवाखान्यातल्या आजाऱ्यासारखी दिसायला लागली. पोळ्यापर्यंत तेरा फिल्टर झाले. वर चालताना त्यांना नळ्या ओलांडून जावं लागे, आणि एकदा पाय अडकून अर्धी बादली सांडली ती माझ्या देवांवर टपकली. देव काही बोलले नाहीत, मी बोलले.

मी वर जाऊन बघितलं. तेरा मोटरींचं पाणी त्या दोन हातांच्या पेटीत पडत होतं. मासे पोहत नव्हते, ढकलले जात होते. एका कोपऱ्यात सातही जण तोंड भिंतीकडे करून शेपटी हलवत उभे होते, वादळात छपराखाली माणसं उभी राहतात तसे.

"यायले श्वास तर घेऊ द्या," मी म्हटलं.

"बाई, जितकी घरं जास्त, तितके जीव जास्त. जीव जास्त, तर विष कमी."

"कोनी सांगतलं?"

"साधी गोष्ट आहे."

मला ते साधं वाटलं नाही. मी त्यांना म्हटलं, माझ्या घरात चार खोल्या भाड्याच्या आहेत. त्यातल्या दोन गेली किती वर्षं रिकाम्या आहेत. मी आणखी दहा खोल्या बांधल्या तर आमगावात भाडेकरू वाढतील का? माणूस येतो तो पोटापाण्यासाठी येतो. गावात जितकं काम, तितकी माणसं. तुमच्या सात माशांच्या घाणीवर जितके जीव पोसतील तितकेच राहतील, मग तुम्ही घरं तेरा बांधा नाहीतर एकशे तेरा. बाकीची नुसती रिकामी, दारं उघडी टाकून.

बाबूजींनी मान हलवली. मला वाटलं पटलं. मग त्यांनी विचारलं, "आणि एका खोलीला आग लागली तर?"

मी खाली आले.

लाइट जाण्याचा मामला वेगळाच. आमच्याकडे लाइट जाते, नवीन काही नाही. मोटरी बंद पडल्या की पेटीत हवा जात नाही, म्हणून त्यांनी इन्व्हर्टर घेतला. इन्व्हर्टर फेल झाला तर म्हणून सायकलचा पंप घेतला. भाद्रपदात एकदा दुपारी लाइट गेली आणि इन्व्हर्टर खरंच बंद पडला. बाबूजींना इतका आनंद झालेला मी कधी बघितला नव्हता. पंपाची नळी पेटीत सोडून ते स्टुलावर बसले आणि घड्याळ बघून पंप मारायला लागले. मिनिटाला वीस. दीड तास झाला तेव्हा वरून हाक आली की बाई, मला दोन मिनिटं बाथरूमला जायचं आहे, चार्ज घ्या. मी चार्ज घेतला. हा शब्द त्यांचा. जाताना सांगून गेले, वीसच, एकवीस नाही. मी अठरा मारले. माशांना फरक कळला नाही.

हे लिहिताना हसू येतं, पण त्यांचा चेहरा आठवला की जरा कमी येतं. रोज सकाळी ते मासे मोजायचे आणि वहीत लिहायचे. सात. सात. सात. मग गॅलरीत जाऊन बसायचे. आठाला एक मालगाडी डोंगरगडकडे जायची, ती गेल्याशिवाय चहा करत नसत. एकदा म्हणाले, बाई, तिथे चौदाव्या मजल्यावर मी सकाळी काय बघू? मी म्हटलं, लिफ्ट बघा. ते हसले नाहीत. पुढे मीच तो विनोद बंद केला.

मला त्यांनी जाऊ नये असं वाटत होतं का? भाडेकरू शोधणं कटकटीचं काम असतं. नवा कसा निघेल सांगता येत नाही. हा निदान पाय आपटत नव्हता.

आता माझी चूक. ती लपवण्यात अर्थ नाही.

दिवाळीला आठ दिवस होते. मी खालचं सगळं घर झाडून, धुऊन, पोतेरं फिरवून काढलं होतं. भांडी आरशासारखी. वरचा मजला त्यांचा असला तरी घर माझं आहे, आणि लक्ष्मी काही भाडेकरार बघून जिना चढत नाही. बाबूजी त्या दिवशी जादाची मोटर आणायला गोंदियाला गेले होते. किल्ल्यांचा एक जोड माझ्याकडे असायचा, अर्थातच. मी वर गेले. फरशी पुसली, जाळी काढली, आणि मग त्या तेरा फिल्टरांकडे बघितलं. आत तपकिरी, बुळबुळीत मळ. बोट लावलं तर ओघळ. तीन महिने त्यांनी धुतले नव्हते. मला वाटलं, पुरुषमाणूस, डोकं कितीही चाललं तरी हात चालत नाही.

जीवांचं त्यांनी मला सांगितलं होतं, नाही असं नाही. पण जीव म्हणजे काही हलणारं, वळवळणारं असेल अशी माझी समजूत. हा तर मळ होता. मळ मला कळतो.

पाणी उकळलं. त्यात धुण्याचा सोडा टाकला. स्पंज पिळून पिळून काढले, बांगड्या ताटात घेऊन तांदळासारख्या धुतल्या, खणांचं कपाट ब्रशाने घासलं, सगळं गच्चीवर उन्हात वाळवलं आणि जसंच्या तसं लावून ठेवलं. तेराच्या तेरा. दुपार गेली माझी. वाळूसुद्धा मी उपसून धुतली, मासे तेवढ्यापुरते बादलीत ठेवून. पेटी अशी झाली होती की आत पाणी आहे हे हात घातल्याशिवाय कळू नये.

बाबूजी आले, वर गेले, आणि थोड्या वेळाने जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन बसले. हातात नवी मोटर तशीच.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही तेरा गावं धुतली."

मी म्हटलं, "घान होती."

"तेच गाव होतं."

रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

दोन दिवसांनी पाणी दुधासारखं झालं. मासे वर येऊन तोंड उघडून टपटप करायला लागले. बाबूजींनी पाणी बदललं, पुन्हा बदललं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मासा आडवा झाला. त्यांनी तो मोगऱ्याच्या कुंडीत पुरला, हात धुतले, वहीत "सहा" लिहिलं आणि खाटेखालची ट्रंक बाहेर काढली. त्यामागून दुसरी ट्रंक. पोरगी पाच दिवसांनी येणार होती. उरलेलेही जगतील असं दिसत नव्हतं.

मी दारात उभी होते. बाबूजी शर्टाच्या घड्या घालत होते. मी म्हटलं, मासा मी मारला, मी तिला सांगते. ते म्हणाले, वहीत कुणी मारला हे लिहिलेलं नाही, कमी झाला एवढंच आहे.

मला बसवेना. माझं माहेर देवरीच्या वाटेवर. आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या तळी बांधत आले, शेताच्या वर बोडी खोदायची आणि तिच्या पाण्यावर धान काढायचं. आणि आमच्याकडे एक रीत आहे. नवी बोडी खोदली की पहिलं पाणी येण्याआधी गावातल्या जुन्या तळ्याचा गाळ टोपलीभर आणून तिच्या मध्यात टाकायचा. माझा बाप तो स्वतः डोक्यावर घेऊन जायचा. तो म्हणायचा, हे विरजण. विरजण न लावता ठेवलेलं दूध जसं नासतं तसं पहिल्या वर्षी नव्या बोडीचं पाणी नासतं, मासोळी टिकत नाही. ते मला तिथे दारात उभ्या उभ्या आठवलं, आणि बाबूजींचे बारीक जीव म्हणजे काय तेही तेव्हाच कळलं. तीन महिने ते जिन्यात मला सांगत होते ते माझा बाप टोपलीत घेऊन फिरत होता.

मी म्हटलं, "ते शर्ट ठेवा. घमेलं घ्या. माह्या भावाच्या बोडीवर चला."

"कशाला?"

"विरजण आणाले."

बसने गेलो. बाबूजींनी झाकणाचे दोन डबे घेतले होते. माझा भाऊ बोडीच्या पाळीवर बसला होता. शहरातला माणूस डबे घेऊन चिखल मागायला आला आहे हे कळल्यावर त्याने मला बाजूला घेऊन विचारलं की याचं डोकं ठीक आहे ना. मी म्हटलं, ठीक नाही, पण काम खरं आहे.

"न्या मंग बाबूजी," भाऊ म्हणाला. "आमी तं दरवर्सी काढून बांधावर फेकतो. कोनता पायजे? इकडचा काळा की तिकडचा पिवळा?"

बाबूजींनी पँट गुडघ्यांपर्यंत दुमडली, पाण्यात उतरले आणि दोन्ही कोपऱ्यांतला घेतला. थोडं पाणगवतही उपटलं. येताना कंडक्टरने डब्यात काय आहे विचारलं. बाबूजी खोटं बोलत नसत, म्हणाले, चिखल. कंडक्टर म्हणाला, नका सांगू, पण खाली सांडू नका.

घरी येऊन गाळ फडक्यात बांधून पेटीत कोपऱ्यात ठेवला, गवत सोडलं. पण मोटरींच्या ओढीने गाळ फडक्यातून निघून सगळीकडे उडायला लागला. पेटीत काही दिसेना. मोटरी चालू ठेवाव्या तर गाळ राहत नाही, गाळ ठेवावा तर मोटरी चालत नाहीत. बाबूजी पेटीसमोर बसले. मी हात लावला नाही. ज्याची खोली आहे त्यानेच रिकामी करावी.

त्यांनी पहिली मोटर बंद केली. दोन्ही घड्याळं बघत दहा मिनिटं थांबले. मासे होते तसेच. दुसरी बंद केली. असं करत करत संध्याकाळच्या दिवेलागणीला बारा बंद झाल्या. पोरीने आणलेला छोटा स्पंज तेवढा बुडबुड करत राहिला. घरात इतकं शांत झालं की रुळावरून तपासणीची ट्रॉली गेली तीही ऐकू आली. बाबूजींनी ती ओळखली, पण बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गाळ खाली बसला. तिसऱ्या दिवशी पाणी चहाच्या पाण्यासारखं, पण आरपार. आणि सहा मासे पेटीभर फिरत होते, गवतात शिरत होते, एकमेकांच्या मागे लागत होते. आपल्याला पोहता येतं हे त्यांना तेव्हाच कळलं असावं.

धनत्रयोदशीच्या सकाळी वरून हाक आली. "बाई, वर या. मोजा."

मी मोजले. सात.

पुन्हा मोजले. सात, आणि सातही नारिंगी. बाबूजी माझ्याकडे बघत होते, जणू पुरलेला मासा मोगऱ्याच्या कुंडीतून उठून आला असावा. मी खाली वाकून नीट बघितलं. सातवा जरा लांबट, कडेला सोनेरी रेघ, आणि तोंड अंगाच्या मानाने मोठं.

"मरळ हाये," मी म्हटलं. "चिखलासंगं आली. मरळीचं पिल्लू लहानपनी असंच लाल दिसते. थोडे दिवस जाऊ द्या, मातीच्या रंगाचं होईल."

बाबूजींनी वही उघडली. सात मासे जिवंत, असं लिहिलेलं होतं. कोणते सात हे लिहिलेलं नव्हतं. त्यांनी ते तीनदा वाचलं. मग मला विचारलं, "सांगावं लागेल का?"

मी म्हटलं, पोरगी तुमची. माझी सही आहे ती साताखाली आहे.

दुपारी पोरगी आली. बॅग दारात टाकून आधी पेटीपाशी गेली आणि बोट काचेवर ठेवून मोजायला लागली. बाबूजी मागे उभे, दोन्ही हात पाठीशी, मोठे साहेब तपासणीला येतात तेव्हा उभे राहतात तसे. पाच, सहा, सात. ती हसून वळली आणि तिने तोंड उघडायच्या आत बाबूजी म्हणाले,

"सहा जुने आहेत. एक बदली आहे."

मी मनात कपाळावर हात मारला. पुढचं सगळं त्यांनी सांगितलं, सोडा, मोगरा, बोडी, मरळ, तारखेवार. ट्रंका दाखवल्या, भरून ठेवल्या होत्या त्या. मी मध्ये म्हटलं की मासा मी मारला, पण बापलेक माझ्याकडे बघत नव्हते.

पोरगी ट्रंकांकडे बघत नव्हती. भिंतीशी पालथ्या घालून ठेवलेल्या बादल्या, डबे, ते खणांचं कपाट, वेटोळं करून बांधलेल्या नळ्या, हे बघत होती. बाप काय काय जोडतो आहे ते तीन महिने फोनवर ऐकत होती ती.

"हे काढलं कुणी?"

"मी," बाबूजी म्हणाले.

"सगळे?"

"एक ठेवला. तेवढा पुरतो."

तिने त्यांच्याकडे असं बघितलं की मी उगीच पदर सारखा केला. ती म्हणाली, "दुधाच्या वेळी एवढं केलं असतं तर मी आले नसते." मग खाली बसून तिने स्वतः ट्रंकेतले शर्ट बाहेर काढायला सुरुवात केली. घड्या मोडल्या म्हणून बाबूजींनी तिला दोनदा टोकलं. माझ्याकडून तिने एक वचन घेतलं, की मी वरचं काहीही धुणार नाही. ते मी पाळलं.

दिवाळी झाली, ती गेली. मरळ वाढायला लागली. बाबूजी तिला "बदलीवाला" म्हणायचे, आणि ती न म्हणता "तो" म्हणायचे. कार्तिकात तो मातीच्या रंगाचा झाला. मार्गशीर्षात सहाचे पाच झाले, मग चार. मी म्हटलं, काढा याला, बोडीत सोडून या. बाबूजी म्हणाले, याने आपल्याला वेळेला हात दिला आहे. संक्रांतीपर्यंत पेटीत तो एकटा होता, वीतभर लांब. मरळीचं असं आहे की ती अधूनमधून वर येते, तोंडाने हवा घेते आणि खाली जाऊन पडून राहते. पाण्यात हवा असो नसो. बाबूजींनी तो शेवटचा स्पंजही बंद करून ठेवला. झाकणावर मात्र दोन विटा होत्या, कारण मरळ उडी मारते.

पोरगी फोनवर व्हिडिओ लावायची. बरेच दिवस बाबूजी मोबाइल गॅलरीकडे धरून बोलले. एका रविवारी ती म्हणाली, बाबा, मासे दाखवा. बाबूजींनी मोबाइल पेटीसमोर धरला. मी तिथेच भाजी निवडत होते.

"बाकीचे कुठे?"

"याने खाल्ले."

"सहाही?"

"दिवाळीनंतर," बाबूजी म्हणाले. "दिवाळीपर्यंत एकालाही हात लावला नाही त्याने. माझ्याकडे नोंद आहे."

बदलीवाला वर आला, एक घोट हवा घेतली आणि खाली गेला. मग तिने विचारलं, एवढ्या पेटीत त्याला एकट्याला करमतं का?

बाबूजी म्हणाले, "एकटं राहायला मिळावं म्हणूनच तर त्याने एवढी मेहनत घेतली."